वाचकांचे प्रश्न : सव्वा वर्षात नर्स कशी होते?

प्रश्न : माझी भाची पुण्यातून बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाली. काही वर्षं तिने प्रयोगशाळेत नोकरी केली आणि लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. परवा फोनवर म्हणाली, ‘मामा, मी आता नर्सिंगला जातेय. सव्वा वर्षात नर्स होईन.’ तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. तिच्या आईचं म्हणणं, एवढं शिकून शेवटी नर्सच व्हायचं होतं, तर बारावीनंतरच का नाही झालीस? मला मात्र दुसरंच कुतूहल आहे. आपल्याकडे ज्या पदवीला चार वर्षं लागतात, ती तिकडे सव्वा वर्षात कशी होते? असं उशिरा येणाऱ्या नर्सना वॉर्डात कसे अनुभव येतात? आणि आधीच्या शिक्षणाचं पुढे काय होतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी थोडक्यात. कोणत्याही पदवीधराने जे विषय आधीच पूर्ण केलेले असतात, तेवढेच या अभ्यासक्रमातून वगळले जातात. नर्सिंगचा गाभा वगळत नाहीत, तो दाटीने शिकवतात. म्हणजे पहिली पदवी वर्गातला वेळ वाचवते. वॉर्डात ती एका दिवसाचीही सूट देत नाही. तिथे बायोटेकची एम.एस्सी. आणि अठराव्या वर्षी आलेली मुलगी एकाच पायरीवर उभ्या असतात. तरीही ती पदवी वाया जात नाही. उशिरा आणि वेगळ्या वाटेने का होईना, ती कामाला येते. हे कसं घडतं ते आता सविस्तर पाहू.

सव्वा वर्षाचा हिशेब

अमेरिकेत बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं ढोबळमानाने दोन भागांत असतात. पहिल्या भागात इंग्रजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, रसायनशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय येतात. खरं नर्सिंग दुसऱ्या भागात येतं. आधीची पदवी असेल तर पहिल्या भागातले सर्वसाधारण विषय पूर्ण झाले असं धरतात. विज्ञानाचे जे नेमके विषय राहिलेले असतील, ते प्रवेशाआधी स्वतंत्रपणे पूर्ण करून यावे लागतात. उरलेला नर्सिंगचा भाग सुट्ट्या न देता साधारण ११ ते १८ महिन्यांत शिकवतात. तुमच्या भाचीची सव्वा वर्षं म्हणजे हा काळ. शरीररचना किंवा पोषणशास्त्र करायचं राहिलं असेल, तर त्याचा वेळ वेगळा धरायला हवा.

रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे तास मात्र कमी होत नाहीत. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थिनीला रुग्णांजवळ जेवढे तास काढावे लागतात तेवढेच या वेगवान अभ्यासक्रमातल्या विद्यार्थिनीलाही काढावे लागतात, फक्त कमी महिन्यांत. त्यामुळे पहाटे रुग्णालय, संध्याकाळी अभ्यास, आठवड्याला एखादी परीक्षा असा क्रम महिनोन्‌महिने चालतो. या काळात नोकरी करू नका, असं बहुतेक महाविद्यालयं प्रवेशाच्या वेळीच बजावतात.

पदवी मिळाली तरी लगेच काम करता येत नाही. त्याआधी ‘एनक्लेक्स’ ही परवाना परीक्षा द्यावी लागते, आणि ती सगळ्यांना एकच आहे. १९९४ पासून ती संगणकावर होते आणि उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरतं. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. उमेदवार उत्तीर्ण होण्याच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की संगणक परीक्षा थांबवतो. पाठांतराचा तिथे फारसा उपयोग होत नाही. चार रुग्णांची अवस्था देऊन विचारतात, यांतल्या कोणाकडे आधी जाल? एप्रिल २०२३ पासून तर अशा निर्णयांवरचा भर आणखी वाढला आहे. एक चांगली गोष्ट म्हणजे दुसऱ्या पदवीवाले विद्यार्थी या परीक्षेत मागे पडत नाहीत. अभ्यास कसा करायचा हे त्यांना आधीच ठाऊक असतं, आणि आपण इथे का आलो हेही.

ही वाट नवी नाही

झटपट नर्स ही अलीकडची टूम असावी असं वाटतं, पण या कल्पनेला शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला नर्सची तीव्र टंचाई भासू लागली. तेव्हा १९१८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार महाविद्यालयात फक्त पदवीधर स्त्रियांसाठी तीन महिन्यांचं प्रशिक्षण शिबिर भरलं. देशभरातल्या महाविद्यालयांतून चारशेहून अधिक जणी आल्या. तिथे विज्ञानाचे विषय शिकून त्या पुढच्या प्रशिक्षणासाठी रुग्णालयांत गेल्या. पदवीचा मान राखून त्यांचा एकूण काळ तीन वर्षांवरून सुमारे दोन वर्षांवर आणला होता.

१९२३ मध्ये येल विद्यापीठात नर्सिंगचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं. ॲनी गुडरिच त्याच्या पहिल्या प्रमुख. १९३४ पासून तर तिथे प्रवेशालाच आधीची पदवी लागू लागली. दुसरी पदवी म्हणून घ्यायच्या वेगवान बी.एस्सी.ची सुरुवात १९७१ मध्ये सेंट लुईस विद्यापीठाने केली, आणि आज अमेरिकेत असे अभ्यासक्रम अडीचशेहून अधिक आहेत. ब्रिटनमध्येही पदवीधरांसाठी दोन वर्षांचा मार्ग आहे. तिथल्या परवान्याला वर्ग आणि प्रत्यक्ष काम मिळून ४,६०० तास लागतात. आधीच्या शिक्षणाबद्दल त्यातले जास्तीत जास्त निम्मे तास माफ होऊ शकतात.

थोडक्यात, पदवीधर माणूस नर्सिंगकडे वळतो तेव्हा त्याला पहिलीत बसवू नये, हे या देशांनी विचारपूर्वक ठरवलं आहे.

वॉर्डातलं पहिलं वर्ष

आता तुमचा दुसरा प्रश्न. अशा नर्सच्या अनुभवातला सगळ्यात कठीण भाग म्हणजे पुन्हा नवशिकं होणं. कालपर्यंत लोक जिचा सल्ला घ्यायला येत, तिला आज सलाईन लावायला शीर सापडत नाही. सोबत घेऊन शिकवणारी अनुभवी नर्स, तिकडे तिला ‘प्रिसेप्टर’ म्हणतात, वयाने पाच-सात वर्षांनी लहान असू शकते. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्यात नाइट ड्यूटी, आणि घरी मूल असेल तर झोपेचा हिशेब जुळतच नाही.

पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या विदुषीने १९८४ मध्ये नर्सचं कौशल्य नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्यांत मांडलं. तिचा एक मुद्दा इथे नेमका लागू पडतो. एका क्षेत्रातला निष्णात माणूस अनोळखी क्षेत्रात आला, की तोही खालच्या पायरीपासून सुरुवात करतो. त्याआधी १९७४ मध्ये मार्लिन क्रेमर यांनी नव्या नर्स नोकरी का सोडतात याचा अभ्यास केला होता. वर्गात शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डात घडणारं नर्सिंग यांतल्या अंतराचा धक्का त्यांना त्यात दिसला. हा धक्का सगळ्यांनाच बसतो. आधी एका कामात पारंगत झालेल्या माणसाला तो जास्त लागतो, कारण आपल्याला काय येत नाही हे त्याला फार स्पष्ट दिसत असतं.

नेमकं काय येत नसतं, याची दोन उदाहरणं सांगण्यासारखी आहेत.

जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन कसं तयार करून घेतात, हे तुमच्या भाचीला वर्गात कुणी शिकवायची गरज नाही. त्या तंत्राने बनलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली, हेही तिला माहीत असेल. पण वॉर्डात जेवणाआधीचं जलद काम करणारं इन्सुलिन हातात घेतल्यावर पहिला प्रश्न असतो : ताट आलंय का, आणि आजी जेवणार आहेत का? रुग्णाला मळमळत असेल आणि इंजेक्शन देऊन नर्स पुढच्या खाटेकडे गेली, तर अर्ध्या-पाऊण तासात साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. रेणू माहीत असणं वेगळं आणि त्या खाटेवरच्या बाईचं आज पोट बिघडलंय हे माहीत असणं वेगळं.

दुसरं उदाहरण शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचं. रक्तदाब ठीक आहे, ताप बेताचा आहे. नवी नर्स तक्त्यावर आकडे लिहून पुढे जाते. अनुभवी नर्स थांबते, कारण श्वासाची गती सोळावरून सव्वीसवर गेली आहे आणि एरवी बोलका असणारा माणूस आज उगाच अस्वस्थ आहे. संसर्ग रक्तात पसरू लागला की रक्तदाब पडण्याच्या आधीच अनेकदा श्वास वाढतो. वॉर्डात नेमकी हीच नोंद सगळ्यात दुर्लक्षित राहते. नर्सिंगच्या अभ्यासक ख्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सच्या विचारप्रक्रियेचे चार टप्पे सांगितले : लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि झालेल्याचा पुन्हा विचार करणं. पहिल्या टप्प्यावरच सगळं अवलंबून आहे. आणि लक्षात येण्याची सवय लागायला शेकडो रुग्ण पाहावे लागतात, त्यावर दुसरा इलाज नाही.

म्हणूनच अनेक अमेरिकी रुग्णालयं नव्या नर्सला पहिलं वर्षभर सांभाळून घेणारा ‘रेसिडेन्सी’ कार्यक्रम चालवतात. त्यात अनुभवी नर्सची सोबत असते, ठरावीक दिवशी एकत्र चर्चा होते, चुका मोकळेपणाने बोलता येतात. भाची नोकरी शोधेल तेव्हा पगाराचा आकडा पाहण्याआधी हे विचारायला सांगा. पहिलं वर्ष ज्यांना आधाराने काढता आलं, त्या टिकतात.

सहकाऱ्यांच्या मनात थोडी अढी असू शकते, हेही खरं. ‘वर्षभरात शिकून आली’, ‘दोन वर्षांत पुढचं शिकायला निघून जाईल’ असं कानावर येतं. त्याला उत्तर एकच. ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती, नीट घ्यायचा, जे येत नाही ते त्याच क्षणी विचारायचं, आणि मागच्या नोकरीतला हुद्दा वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवायचा. रुग्णाला उचलून कूस बदलायला जी हाक मारल्याबरोबर येते, तिची पदवी कितवी आहे हे मग कुणी विचारत नाही.

मग पहिल्या शिक्षणाचं काय होतं?

पहिलं वर्ष-दीड वर्ष उलटलं, हात सरावले, की आधीचं शिक्षण हळूहळू पुन्हा वर येतं. प्रत्येकाचं वेगळ्या ठिकाणी.

शिक्षकी पेशातून आलेली नर्स रुग्णाला घरी सोडताना ओळखू येते. औषधांची यादी वाचून दाखवून ती मोकळी होत नाही. ‘आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कधी घेणार?’ असं विचारते आणि उत्तर चुकलं तर पुन्हा समजावते. संगणक क्षेत्रातून आलेल्याला रुग्णनोंदीची प्रणाली कुठे अडते ते चटकन दिसतं. अशांपैकी काही जण पुढे नर्सिंग आणि माहितीतंत्रज्ञान यांना जोडणाऱ्या शाखेत जातात. हिशेबनिसाला औषधाच्या मात्रेतला दशांशचिन्हाचा घोळ खटकतो. मानसशास्त्र शिकलेली रुग्णाच्या गप्प बसण्याकडेही लक्ष देते.

तुमच्या भाचीचं सांगायचं, तर रक्ताचं कल्चर घेण्याची वेळ पहा. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी, दोन वेगळ्या जागांहून, त्वचा नीट निर्जंतुक करून आणि ती वाळू देऊन रक्त घ्यायचं असतं. घाईत त्वचेवरचे जिवाणू बाटलीत गेले, तर अहवाल खोटा येतो. रुग्णाला नको ती औषधं मिळतात आणि मुक्काम वाढतो. बशीतला दूषित नमुना जिने स्वतः कितीदा फेकून दिला आहे, तिला ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही. ती का पाळायची हे ती इतरांनाही समजावून सांगू शकते. पहिल्या पदवीची परतफेड होते ती अशा जागी.

वाटाही पुढे बऱ्याच निघतात. अतिदक्षता विभाग, कर्करोग विभाग, औषधांच्या चाचण्यांवर काम करणाऱ्या संशोधन-नर्स, अध्यापन. उच्च पदवी घेतली तर रुग्ण तपासून औषध लिहून देणारी नर्स प्रॅक्टिशनर होता येतं. भूल देणारी नर्स व्हायचं असेल, तर किमान एक वर्ष अतिदक्षता विभागात काढून मग डॉक्टरेट स्तराचा अभ्यासक्रम करावा लागतो. पगाराचं म्हणाल, तर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नोंदणीकृत नर्सचं मध्यक वेतन वर्षाला सुमारे ९३,६०० डॉलर होतं. म्हणजे निम्म्या नर्सना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी.

आपल्याकडे अशी सोय का नाही?

हा प्रश्न तुम्ही उघडपणे विचारला नाहीत, पण तो पत्रात आहेच. भारतात बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, आणि महाराष्ट्रात सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जी.एन.एम. पदविका तीन वर्षांची आणि ती इतर शाखांनाही खुली आहे. दोन्हीकडे प्रवेशाचं वय १७ ते ३५. जी.एन.एम. झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी आहे. मात्र प्राणिशास्त्राची बी.एस्सी. किंवा मानसशास्त्राची एम.ए. झालेली पंचविशीची मुलगी नर्सिंगला येऊ म्हणाली, तर तिला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. आधी शिकलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राचा एक तासही वजा होत नाही.

याचा तोटा दोघांना होतो. त्या मुलीला, आणि आपल्या रुग्णालयांना. विज्ञानाची पदवी घेऊन नोकरीसाठी वणवण करणारे तरुण आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि वॉर्डात एका सिस्टरच्या अंगावर किती रुग्ण असतात हे सरकारी रुग्णालयात एक रात्र काढलेल्या कुणालाही माहीत आहे. या दोन गोष्टींची गाठ घालणारा दोन-सव्वादोन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे हवा. वॉर्डातले तास पूर्ण, परीक्षा सगळ्यांसारखी, सूट फक्त आधी शिकलेल्या विषयांची. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला आहे. नियम नव्याने लिहिले जात असताना ही वाट उघडावी, असं मनापासून वाटतं.

भाचीला आणि तिच्या आईला

भाचीला चार गोष्टी विचारायला सांगा. अभ्यासक्रमाला त्या राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता आहे का? तिच्या भारतीय पदव्यांचं मूल्यमापन ते महाविद्यालय कोणत्या संस्थेकडून मागतं आणि त्यात कोणते विषय धरतं? फार जुने विज्ञान विषय अनेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत. तिसरी गोष्ट पैशांची. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शिक्षणसाहाय्य तात्पुरत्या व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यामुळे फीची तजवीज स्वतः करावी लागेल. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, व्हिसाची. ती एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असेल तर शिकता येईल, पण नोकरी आपोआप करता येणार नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असेल, तर २०१५ पासूनच्या नियमाने कामाची परवानगी मागता येते. साध्या स्टाफ नर्सच्या जागेवर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळणं अवघड असतं. पदवी हातात आणि परवानगी नाही, ही वेळ येऊ नये म्हणून फी भरण्याआधी हे तपासायला हवं. शिवाय प्रवेशाआधी काही आठवडे एखाद्या रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात स्वयंसेविका म्हणून जाऊन पाहावं. माणसाचं आजारपण जवळून पाहणं आपल्याला जमतं का, याचं उत्तर तिथे मिळेल.

आणि तिच्या आईला एक अभ्यास जरूर सांगा. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या रुग्णालयात पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त होतं, तिथे शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी कमी आढळली. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा येऊन जातात, रात्रभर जागी असते ती नर्स. रुग्ण बिघडतोय हे आधी तिला कळावं लागतं, आणि ते कळण्यासाठी शिक्षण लागतं. ‘एवढं शिकून शेवटी नर्सच’ या वाक्यातला ‘शेवटी’ काढून टाकावा, एवढीच ताईंना विनंती. एवढं शिकलेली माणसं नर्स व्हायला हवीत, इथेही आणि तिथेही.